मी तामालेला गेले होते तेव्हा

रविवार, ३ ऑगस्ट
रक्तदाब १७०/१०२.

चौतीस वर्षं वॉर्डात दुसऱ्यांचे आकडे लिहिले, आता स्वतःचे लिहिते आहे. ही वही मला निवृत्तीच्या दिवशी मिळाली. पाच वर्षं कोरीच राहिली, कारण लिहायला बसलं की दारात कोणीतरी "आगू" म्हणतं आणि मला "अमे" म्हणावं लागतं. येऊ का, या. एवढाच त्याचा अर्थ. पण घानातल्या आमच्या या आक्रोपाँगमध्ये एकदा तोंडातून "अमे" गेलं की पुढचे दोन तास आपले राहत नाहीत.

काल तपासून घेतलं. डॉक्टर म्हणजे खालच्या आळीतला तो पायाळू पोरगा, माझ्याच हातांत जन्मलेला. तो मला म्हणाला, "मावशी, दोन आठवडे पूर्ण विश्रांती. नाहीतर तुम्हाला झटका येणार, आणि उचलून मलाच आणावं लागणार." कुठे घेऊ विश्रांती, असं विचारलं तर म्हणाला घरी. मला हसूच आलं. घरी सकाळी सहाला शेजारची ओहेनेवा दंडाला पट्टा बांधून घ्यायला येते, पलीकडच्या गल्लीतल्या सुनेची गाऱ्हाणी ऐकवते आणि आठला उठते. मग कोणाचं पोट दुखतं, कोणाचं बाळ पीत नाही, कोणाचा नवरा बोलत नाही. निम्मं गाव मी जन्माला घातलं, त्याची शिक्षा भोगते आहे.

तर ठरलं. उद्या मी मुलाकडे, क्वाबेनाकडे, तामालेला जाणार. बसने बारा तास उत्तरेला, म्हणजे इथून कोणी पाहायला येणार नाही. आणि अर्थातच मी जाणार नाही. दाराला बाहेरून कुलूप घालून मागच्या दाराने आत शिरायचं आणि चौदा दिवस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहायचं. क्वाबेनाला फोनवर खरं सांगून टाकलं. पोरगा इतका हसला की फोन पडला.

आज चर्चच्या पायरीवर सगळ्यांचा निरोप घेतला. आळीतले वडीलधारे ओपारेमामा म्हणाले की घराकडे मी चक्कर मारत जाईन. खोटं बोलायची सवय मला आहे, "आता झालंच, थोडंसंच राहिलं" हे मी चौतीस वर्षं बायकांना सांगत आले. पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर बोलताना जीभ जड झाली. उघडकीला आलं तर नाव मातीत जाईल. तोंडावर कोणी काही बोलणार नाही, आमच्याकडे शिवी द्यायची तरी आधी "माफी असावी" म्हणतात. पण मला कळेल ना.

आणि एक गोष्ट लिहून ठेवते, इथे कोण वाचतंय. हे गेल्यापासून माझ्या दारात जो येतो तो काम घेऊन येतो. काम होणार नाही असं कळल्यावर कोणाला माझी आठवण होते का, तेही मला पाहायचंय. खरं तर त्याचीच भीती जास्त आहे.

सोमवार, ४ ऑगस्ट

झालं. सकाळी पेटी डोक्यावर घेऊन निघाले, ओहेनेवा फाटकापर्यंत आली, डोळे पुसले. मी टॅक्सीने जवळच्या माम्फे गावाला गेले, बाजारातल्या बाकावर तीन तास बसले आणि धुकं उतरल्यावर परत आले. मागच्या कसाव्याच्या कंदांच्या शेतातून पेटी घेऊन येताना दोनदा आपटले. ऑगस्टातलं आमचं धुकं असं की स्वतःचा हात दिसत नाही, मग मला कोण पाहणार.

आत आल्या आल्या पहिलं काम केलं ते बैठकीच्या खोलीतलं. यांनी निवृत्तीच्या पैशातून गर्द लाल मखमलीच्या खुर्च्या घेतल्या होत्या. दुकानात एकदा बसून पाहिलं तेवढंच त्यांचं बसणं. मी त्यावरचं प्लास्टिक कधी काढू दिलं नाही, पाहुण्यांसाठी म्हणून. पाहुणे आले की प्लास्टिकला चिकटायचे, उठताना आवाज यायचा. हे गेले, प्लास्टिक राहिलं. आज नाळ कापायची माझी जुनी कात्री घेतली आणि एका खुर्चीचं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत कापलं. मग बसले. मखमल गार होती, हळूहळू ऊब आली. अहो, बसू द्यायला हवं होतं मी तुम्हाला. रडू आलं, ते रडून घेतलं आणि मग पाय वर घेतले.

मंगळवार, ५ ऑगस्ट
१६०/९६.

सोनेरी काठाच्या कपात चहा, डब्यातलं घट्ट दूध घालून. हे कप वीस वर्षं काचेच्या कपाटात होते. दुपारी गवती चहाची पानं टाकून बादलीभर पाणी तापवलं, काळा साबण, जाळीची घासणी, आणि कोणी "आगू" म्हणणार नाही या खात्रीने पाऊण तास आंघोळ. मग अंगभर शियाच्या बियांचं लोणी, मानेला पावडर. मग खुर्ची. एखाद्या बाळंतिणीसारखी मी बसून होते, बाळ तेवढं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

घात झाला. की नाही झाला, कळत नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला ओपारेमामा घर बघायला आले. कुलूप ओढून पाहिलं, खिडकीखालून चालत गेले, तिथवर ठीक. पण आम्ही आक्रोपाँगचे लोक, रिकाम्या घरालाही न विचारता फेरी मारत नाही. मामांनी दारासमोर उभं राहून टोपी काढली असणार, आणि म्हणाले, "आगू."

मी खुर्चीत, अर्धी झोपेत. तोंडातून गेलं, "अमे."

चांगलं मोठ्याने गेलं, वॉर्डातल्या आवाजात. बाहेर मामांचा श्वास ऐकू येत होता, मी माझा धरून ठेवला होता. मग मामा दाराला म्हणाले, "माफी असावी," आणि काठी टेकत निघून गेले.

मी विचार केला. मामा ब्याऐंशीचे, एका कानाने त्यांना ऐकू येत नाही. कुठल्या ते आठवत नाही. आणि ऐकू आलं असतं तर माणूस ओरडला असता, पळाला असता. माफी कशाला मागेल? त्याअर्थी ऐकू आलं नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

फुफूची, उकडून कांडलेल्या कसावा-केळीच्या गोळ्याची, आठवण येते. चार दिवस गरी, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, भिजवून खाते आहे, वर डब्यातले मासे. घरात कसावा आहे, केळी आहेत, उखळ आहे, मुसळ आहे. पण फुफू गुपचूप कांडता येत नाही, चार घाव घातले की अख्ख्या आळीला कळतं कोणाकडे जेवण होतंय. दुपारी ओहेनेवाकडे मुसळ चालू झालं तेव्हा मी पलंगावर पडून घाव मोजत होते. नेहमीपेक्षा जास्त भरले. एकट्या बाईला एवढं कशाला लागतं?

संध्याकाळी मागच्या पायरीशी खुट्ट झालं. थोड्या वेळाने दार किलकिलं केलं तर झाकलेली मोठी वाटी. आत फुफूचा गोळा, शेंगदाण्याचं सूप, कोंबडीची मांडी. आणि कुंपणापलीकडून ओहेनेवा एकटीच मोठ्याने बोलत होती, "नर्सबाई तिकडे गेल्या आणि त्यांच्या मांजराचं इथे कोण बघणार? खाऊ दे बिचारं."

माझ्याकडे मांजर नाही. कधीच नव्हतं.

ओहेनेवाच्या डोक्यावर वयाचा परिणाम होतोय. सहासष्ट हे काही वय नाही, पण सुनेच्या चिंतेने झालं असेल. आल्यावर डॉक्टरकडे न्यायला हवी. सूप मात्र फार छान. एरवी ओहेनेवा मिठाचा डबा उपडा करते, आज बरोब्बर अळणी. मांजराला मीठ बाधतं एवढी समज तिला अजून आहे, म्हणजे फार बिघडलेलं नसावं.

वाटी धुऊन पालथी घालून ठेवली. कोणाची वाटी उष्टी परत करायची नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

वाटी धुवायला नको होती की काय, असं पहाटे मनात आलं. मग म्हटलं, ज्या बाईला नसलेलं मांजर दिसतं तिला धुतलेली वाटी काय दिसणार. आज केंके, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा आला, काटे काढलेला. मांजरासाठी काटे काढणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

रविवार, १० ऑगस्ट
१४६/९०.

चर्च जवळ आणि कर्णा मोठा, त्यामुळे उपासना खुर्चीत बसून झाली. सोनेरी कप हातात. देव मला क्षमा करो, पण अशी उपासना मी जन्मात अनुभवली नाही. गुडघे टेकायचे तेवढे मनाने टेकले.

शेवटची प्रार्थना ओपारेमामांनी केली. म्हणाले, "जे दूर गेले त्यांना सांभाळ, आणि जे दूर जाऊनही जवळ आहेत त्यांनाही गाढ झोप लागू दे." यावर सगळ्या बायकांचं "आमेन" इतकं जोरात आलं की कर्णा शिट्टी मारायला लागला. मामांचं बोलणं वयाबरोबर गहन होत चाललंय.

गावात या आठवड्यात कमालीची शांतता आहे. आमच्या गल्लीतून पोरं ओरडत जायची ती चवड्यांवर चालल्यासारखी जातात. सुट्ट्या लागल्यात, कुठे आजोळी गेली असतील.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज खेळ संपलाच होता.

दुपारी फाटकाशी धावपळ झाली. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर आळीच्या टोकाची आसाबेआ, लेकीला धरून. लेकीचं पहिलंच बाळंतपण, तारीख पंधरा दिवसांनी होती. पोरगी दोन्ही हातांनी फाटक धरून वाकली होती. आसाबेआला भीतीने काही सुचत नव्हतं, ती नुसती "आगू, आगू" करत होती.

मी पिशवी उचलली. हातमोजे, कात्री, सगळं जागच्या जागी होतं. मागच्या दाराची कडी काढली. नाव गेलं तर गेलं, असं म्हणून एक पाऊल बाहेर टाकलंच होतं.

तेवढ्यात ओहेनेवाचा आवाज आला. "नर्सबाई तामालेला आहेत. गाडी आलीच, मी येते बरोबर. घाबरू नकोस ग, दोन कळांमध्ये अजून अंतर आहे, पोहोचशील." कळांमधलं अंतर मोजायला या बाईला मीच शिकवलं होतं, तिच्या सुनेच्या वेळी. बरोबर मोजलं होतं तिने. गाडी गेली. मी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले. खुर्चीकडे बघवेना.

अंधार पडता पडता वाटी आली. उशीर झाला, पण आली. ओहेनेवा कुंपणापाशी म्हणाली, "मांजरा, मुलगी झाली हो. तीन किलो दोनशे. आपोआप झाली, टाका एकच. आई बरी आहे, दूध ओढतेय बाळ."

मांजराला वजन आणि टाके सांगणाऱ्या बाईची मला काळजी वाटायला हवी. पण मी तोंडात कापडाचा बोळा कोंबून रडत होते, त्यामुळे काळजी करायची राहून गेली.

बुधवार, १३ ऑगस्ट
१३८/८६.

आकडा उतरला, मन चढलंय. माझ्यावाचून मूल झालं, टाका पडला, दूध आलं. आठ दिवसांत एकही भांडण माझ्या दाराशी येऊन फुटलं नाही, ती सगळी आपापली मिटली किंवा घरातच राहिली. बरं वाटलं. वाईटही वाटलं. खरं लिहायचं तर वाईट जास्त वाटलं. मी इथे नाही म्हटल्यावर गावाने एकदाही मान वळवून पाहिलं नाही.

एक ते मांजर सोडलं तर माझ्या घराची चौकशी कोणाला नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

तामालेहून रिकाम्या हाताने येता येत नाही. तिकडचं काय न्यायचं तर शियाचं लोणी. माझ्या बरणीतलं निम्मं अंगाला लागून गेलं, उरलेलं मलमाच्या सहा डब्यांत भरलं. डबीवर "दिवसातून दोनदा" असं छापलंय, ते घासून निघत नाही.

दुसऱ्या खुर्चीचंही प्लास्टिक कापलं. एकटीसाठी कशाला दोन, ते माहीत नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट
१३२/८४.

परत आले. म्हणजे पहाटे धुक्यातून बाहेर पडून माम्फेला गेले आणि अकराच्या टॅक्सीने घामाघूम चेहरा करून गावात उतरले. अर्ध्या तासात बैठकीच्या खोलीत माणसं भरली. ओहेनेवाने मला पाणी दिलं, ते मी प्यायले, आणि ओपारेमामा रीतीप्रमाणे म्हणाले, "इथे आमचं सगळं शांत आहे. वाट चालून तुम्ही आलात. काय वर्तमान?"

हे मी विसरलेच होते. आलेल्या माणसाने वर्तमान सांगितल्याशिवाय आमच्याकडे कोणी उठत नाही. तामालेला मी एकदाच गेले होते, सात वर्षांपूर्वी नाताळात. तेच सांगितलं. म्हटलं, ऊन असं की डोकं फुटावं, वारा कोरडा, धुळीने नाक भरतं, ओठ फुटतात, विहिरीत थेंब नाही.

मामा घसा साफ करून म्हणाले, "माफी असावी. माझा पुतण्या तिकडे बस घेऊन जातो. परवा फोनवर म्हणाला की पुरात गाडी अडकली."

क्वाबेनाला रोज फोन केला, तिकडच्या हवेचं तेवढं विचारलं नाही. आता काय बोलावं, हे सुचायच्या आत ओहेनेवा म्हणाली, "तो गावाच्या खालच्या अंगाला असेल. तामाले केवढं मोठं." सगळ्यांनी माना डोलावल्या, खालच्या अंगालाच असणार. मामा म्हणाले की पुतण्या तसाही बडबड्या आहे. थोडक्यात वाचले.

नंतर मामा बसायला गेले. कापलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीला आता माझा खळगा पडलाय. मामांनी त्या मखमलीवरून हात फिरवला, मला म्हणाले, "इथे तुम्ही बसा, दमला असाल," आणि स्वतः दुसरीवर बसले. निघताना ओहेनेवाने माझी हनुवटी धरली. प्रवासाने माणूस वाळतं, म्हणाली, तुम्ही तर गुटगुटीत होऊन आलात. मांजराचं तिने नावसुद्धा काढलं नाही. विसरली बिचारी. डबी मात्र बघून विचारलं, दिवसातून दोनदाच लावायचं ना?

शनिवार, ६ सप्टेंबर

मधले दिवस लिहायला झालं नाही, "अमे" म्हणण्यात गेले. पण एक नवीन आहे. दुपारी एक ते तीन माझ्या दारी कोणी येत नाही. मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

आज ओहेनेवा पेटी घेऊन आली. बहिणीकडे कुमासीला चालले, दहा दिवस, म्हणाली. डोळ्यांखाली काळं होतं. गेले दोन महिने ती सहाला येऊन गाऱ्हाणी सांगते आणि मी मान हलवत आकडा लिहिते, पण तिच्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं, असं वाटलं. मी तिला टॅक्सीपर्यंत सोडलं. टॅक्सीत बसताना ती माझा हात धरून म्हणाली, "नर्सबाई, माफी असावी, एक काम सांगते. माझ्या मांजराकडे तेवढं बघा."

बघते की, म्हटलं. टॅक्सी गेली. मी परत वळले आणि अर्ध्या वाटेत पाय थांबले.

ओहेनेवाकडे मांजर नाही.

मग धुतलेली वाटी आठवली. मग अळणी सूप, काटे काढलेला मासा, तीन किलो दोनशे, कर्ण्यातलं ते आमेन, चवड्यांवर जाणारी पोरं. आणि दाराला "माफी असावी" म्हणून गेलेले मामा, ज्यांचा बहिरा कान, आता आठवलं, डावा आहे, आणि त्या दिवशी दाराआड माझी खुर्ची त्यांच्या उजवीकडे होती. सगळं गाव. पहिल्या बुधवारपासून. मी तिथेच रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. लाज वाटली म्हणून बसले, पण बसल्यावर हसूच यायला लागलं, आणि थांबेना. येणारे जाणारे नमस्कार करून पुढे गेले. बाई का हसतेय, असं एकानेही विचारलं नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर

काल मुद्दाम गेले नाही. आज सकाळी ओहेनेवाच्या दारात गेले. कुलूप बाहेरून होतं. उभी राहिले आणि म्हटलं, "आगू."

मग आतून, अगदी बारीक, झोपेतला आवाज आला, "अमे."

"माफी असावी," मी दाराला म्हटलं, आणि घरी येऊन मुसळ हातात घेतलं. दोघींपुरतं फुफू कांडलं. आळीला ऐकू जायचं ते गेलं. मीठ मात्र तिला आवडतं तेवढं घातलं, प्रवासात माणसाचा रक्तदाब वाढत नाही हे मी स्वतः पाहिलंय. वाटी तिच्या मागच्या पायरीवर ठेवून कुंपणापाशी आले आणि मांजराला गावातलं सगळं सांगितलं. शेवटी हे सांगितलं की सून सकाळपासून दोनदा येऊन गेली, काम काहीच नव्हतं, सासूबाई नाहीत तर करमत नाही म्हणाली. हे एक वाक्य मी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.